मोटर, पट्टा आणि माग : कारखान्याचा भरवसा कशावर अवलंबून आहे?

सुताचा भाव थोडा जरी वाढला तरी आपल्या बाजारात चार दिवस त्याचीच चर्चा चालते. परंतु मोटर आणि माग यांच्यामध्ये जो पट्टा रात्रंदिवस फिरत असतो, त्याच्याकडे तो तुटेपर्यंत कोणी पाहत नाही. तुटला की जॉबरला हाक मारायची, जो मिळेल तो पट्टा चढवायचा आणि माग सुरू करायचा. या सवयीने आपल्या यंत्रमागधारकांचे किती नुकसान होते, याचा हिशोब आपण कधी मांडत नाही. मोटरची ताकद मागापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था कशी आखावी आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा हे कसे ओळखावे, हे या लेखात साध्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न आहे.

आधी एक स्वतःचा अनुभव सांगतो. १९९६ च्या पावसाळ्यात मालेगावला आमच्या वालिदांच्या कारखान्यात १६ माग चालत होते. हवेत दमटपणा आला आणि पट्टे घसरू लागले. माग मंद पडत, कापडात पट्टे उमटत. वालिद जॉबरला म्हणाले, "उस्ताद, पट्टे ढिले पडलेत, काहीतरी करा. ग्रे कापडाचा सौदा झालेला आहे, मुदत जवळ आली आहे." उस्तादांनी एका दिवसात सोळाही मोटरी मागे सरकवून पट्टे तारेसारखे ताणले. घसरणे थांबले. सर्व खूश झाले.

परंतु दोन-अडीच महिन्यांत मोटरींच्या बेअरिंगचा आवाज येऊ लागला. एकामागोमाग चार मोटरींची बेअरिंगे गेली. एका मोटरीचा फिरणारा भाग आतून घासू लागला आणि वाइंडिंग जळाले. सौद्याचा माल वेळेवर गेला नाही, पार्टीने भावात कपात केली. दोष कोणाचा, यावर घरात वाद झाला. शेवटी मिलमधून निवृत्त झालेले एक वयस्कर फिटर आले. त्यांनी एका मोटरीची पुली पुसली, खाचेत बोट फिरवले आणि म्हणाले, "बेटा, खाचेचा तळ आरशासारखा चमकतो आहे. पट्टा तळाला टेकतो. आता तो कितीही ताणलात तरी पकडणार नाही."

म्हणजे दोष पट्ट्याचा नव्हता, पुली झिजली होती. आम्ही रोग एका जागी आणि औषध दुसऱ्या जागी केले. त्या औषधानेच बेअरिंगे मारली.

पट्टा कसा पकडतो?

पूर्वी एका मोठ्या इंजिनावर किंवा मोटरीवर छताखालून लांब शाफ्ट फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे सपाट पट्टे प्रत्येक मागावर उतरत. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी उभारली, त्या काळातल्या गिरण्यांची हीच रीत होती. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग बसवला, त्यानंतरही बराच काळ लहान कारखान्यांत हीच पद्धत चालली. पुढे प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर आली आणि सपाट पट्ट्याची जागा व्ही पट्ट्याने घेतली.

व्ही पट्टा खाचेच्या तळावर चालत नाही. तो खाचेच्या दोन्ही तिरक्या भिंतींमध्ये पाचरीसारखा अडकतो आणि त्या भिंतींना घासून ताकद देतो. खाचेचा कोन साधारण ३४ ते ३८ अंशांचा असतो. या पाचरीमुळे तेवढ्याच ताणावर सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पकड मिळते. परंतु भिंती झिजून पट्टा तळाला टेकला की पाचर संपली. मग तो नुसता एक अरुंद सपाट पट्टा झाला. म्हणून नियम लक्षात ठेवावा : चांगल्या पुलीत पट्ट्याची वरची बाजू पुलीच्या काठाशी जवळजवळ समान असते. पट्टा खोल बसला असेल आणि तळ चमकत असेल, तर पट्टा नव्हे, पुली बदला.

पुलीचा हिशोब

साध्या मागात वरचा क्रँक शाफ्ट एकदा फिरला की एक पिक पडते, म्हणजे बाण्याचा एक धागा भरला जातो. म्हणून मागाची गती म्हणजेच क्रँक शाफ्टचे मिनिटाचे फेरे. समजा मोटरीच्या पाटीवर ९६० फेरे लिहिले आहेत, मोटरीची पुली ३ इंची आहे आणि मागाची १८ इंची. ९६० ला ३ ने गुणून १८ ने भागले की १६० फेरे येतात. पट्टा थोडासा सरकतोच, तेव्हा प्रत्यक्षात सुमारे १५५ पिक धरावेत.

आता कोणी म्हणेल की १४४० फेऱ्यांची मोटर स्वस्त पडते, तिला २ इंची पुली लावली की गती तीच मिळेल. गणित बरोबर आहे, व्यवस्था चूक आहे. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ए सेक्शनचा पट्टा १३ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड असतो. त्याला साधारण ३ इंचापेक्षा लहान पुली सोसत नाही. लहान पुलीवर तो प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, आतून तापतो आणि त्याचे दोरे तुटू लागतात. मोटर घेताना वाचवलेले पैसे पट्ट्यांत जातात.

उलट जागा असेल तर दोन्ही पुल्या मोठ्या करण्यात फायदा आहे. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. ३ इंची पुली आणि ९६० फेरे असतील तर पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.८ मीटर येतो. एवढ्या वेगाने १ हॉर्सपॉवर वाहून न्यायला पट्ट्याला सुमारे २० किलोची निव्वळ ओढ द्यावी लागते. ३ आणि १८ ऐवजी ४ आणि २४ इंची पुल्या लावल्या तर मागाची गती तीच राहते, परंतु वेग वाढल्यामुळे तीच ताकद सुमारे १५ किलोच्या ओढीत पोहोचते. ओढ कमी, म्हणून ताण कमी, म्हणून बेअरिंगवरचा बोजाही कमी.

दोन पुल्या फार जवळ आणल्या तर लहान पुलीला पट्ट्याचा वेढा कमी पडतो. ३ आणि १८ इंची पुल्यांचे मधले अंतर २४ इंच असेल तर लहान पुलीवर सुमारे १४२ अंशांचा वेढा मिळतो. अंतर १८ इंच केले तर तो १३० पर्यंत उतरतो आणि पकड घटते. गाळ्यात जागा वाचवण्यासाठी मोटर मागाला चिकटवून बसवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट. माग हा पंख्यासारखा एकसारखा चालत नाही. धोटा फेकताना आणि फणी ठोकताना प्रत्येक फेऱ्यात झटका बसतो. म्हणून पाटीवरची ताकद तशीच न धरता तिला १.२ ते १.४ ने गुणून पट्टा निवडावा. १ हॉर्सपॉवरच्या मोटरीला १.३ हॉर्सपॉवरचा हिशोब धरला आणि तक्त्यात त्या पुलीवर एका पट्ट्याची क्षमता ०.७ लिहिली असेल, तर दोन पट्टे लागतील. हा तक्ता पट्टे बनवणारी प्रत्येक चांगली कंपनी छापते. दुकानदाराकडून पट्टा घेताना तो तक्ताही मागावा.

गिअर आणि शाफ्ट

क्रँक शाफ्टवरून खालच्या शाफ्टला गिअरने गती जाते. खालचा शाफ्ट बरोबर निम्म्या गतीने फिरतो, कारण साध्या विणीत दोन पिकांत एक चक्र पूर्ण होते : धोटा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून जातो आणि ताण्याचे दोन्ही भाग आळीपाळीने वर-खाली होतात. हे प्रमाण बरोबर २ असल्यामुळे एक गोष्ट घडते, जी अनेकांच्या लक्षात येत नाही. दर वेळी तेच दाते त्याच दात्यांना भेटतात आणि ठोकीचा झटका कायम त्याच थोड्या दात्यांवर पडतो. म्हणून गिअर तपासताना एका बाजूने पाहून "दाते चांगले आहेत" म्हणू नये. माग हाताने पूर्ण फिरवून, फणी ठोकते त्या क्षणी कोणते दाते जुळलेले आहेत, ते पाहावे. झीज तिथे सापडते.

शाफ्टची गोष्ट वेगळी आहे. तो झिजून नव्हे, थकून तुटतो. दिवसाला २० तास आणि मिनिटाला १५५ पिक धरले तर क्रँक शाफ्टला रोज १ लाख ८६ हजार झटके बसतात. १० लाख झटके सहा दिवसांच्या आत पूर्ण होतात. लोखंडाला एका झटक्यात न तुटणारा बोजा लाखो वेळा दिला तर एखाद्या बारीक कोपऱ्यातून चीर निघते आणि आत सरकत जाते. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेचा आस असाच तुटून भीषण अपघात झाला, तेव्हापासून विद्वानांनी या थकव्याचा अभ्यास सुरू केला. आपल्या कारखान्यात ही चीर बहुधा चावीच्या खाचेच्या टोकाला किंवा शाफ्ट जिथे एकदम बारीक होतो त्या धारदार कोपऱ्यात सुरू होते. लेथवाल्याकडून नवीन शाफ्ट करून घेताना "कोपरा गोल ठेवा" एवढे तीन शब्द सांगितले तरी शाफ्टचे आयुष्य वाढते. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

बेअरिंगचे आयुष्य

आमच्या चार मोटरींचे काय झाले, ते आता समजून घ्या. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा ताण मिळून मोटरीच्या बेअरिंगवर पडतो. बॉल बेअरिंगचा नियम असा की बोजा दुप्पट केला तर आयुष्य निम्मे नव्हे, आठव्या हिश्शावर येते. बोजा फक्त सव्वापट झाला तरी आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणजे जे बेअरिंग चार वर्षे चालायचे, ते दुप्पट ताणाने सहा महिन्यांत जाते. आमच्या उस्तादांनी ताण किती पट वाढवला होता, ते तुम्हीच समजून घ्या.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. बेअरिंगचे जे आयुष्य तक्त्यात दिलेले असते, ते प्रत्येक नगाची हमी नसते. त्याचा अर्थ, शंभरांपैकी ९० बेअरिंगे तेवढे चालतील आणि दहा त्याआधीच जातील. तुमच्याकडे २४ मोटरी म्हणजे ४८ बेअरिंगे असतील, तर चार-पाच मुदतीआधी जाणारच. त्यासाठी दुकानदाराशी भांडण करू नये, दोन-चार बेअरिंगे घरात ठेवावीत. मात्र सगळीच लवकर जात असतील तर दोष मालाचा, ताणाचा किंवा बसवण्याचा आहे, हे नक्की.

भरवशाचे गणित

आता मुख्य मुद्दा. मोटर, मोटरीचे बेअरिंग, पट्टा, पुली व चावी, क्रँक शाफ्टची बेअरिंगे आणि गिअर, अशा सहा कड्या एकामागोमाग जोडलेल्या आहेत. एक जरी तुटली तरी माग बंद. अशा साखळीचा भरवसा काढताना प्रत्येक कडीचा भरवसा एकमेकाला गुणावा लागतो. जर्मन इंजिनिअर रॉबर्ट लुसर यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

समजा प्रत्येक कडी महिनाभर न बिघडता चालण्याची शक्यता शंभरात ९८ आहे. ऐकायला उत्तम वाटते. परंतु ०.९८ ला सहा वेळा गुणले की ०.८८६ उरते. म्हणजे २४ मागांपैकी जवळजवळ तीन माग दर महिन्याला या व्यवस्थेमुळे थांबतील. संपूर्ण साखळीचा भरवसा नेहमी तिच्या सर्वांत कमजोर कडीपेक्षाही कमी असतो.

आता समजा इतर पाच कड्या ९८ च्या आहेत आणि हलक्या पट्ट्याचा भरवसा ८५ आहे. साखळी ०.७६८ वर येते, म्हणजे महिन्याला पाच-सहा माग थांबणार. या वेळी कोणी भारी किमतीचे गिअर आणून ती कडी ९८ वरून ९९ केली तर साखळी ०.७७६ होते. पैसे गेले, फरक काहीच नाही. तेच पैसे पट्टा आणि पुलीवर घालून पट्ट्याची कडी ८५ वरून ९५ केली तर साखळी ०.८५९ वर जाते आणि थांबणारे माग तीन-चारवर येतात. पैसा कुठे घालावा, हे या गणिताने कळते. जी वस्तू महाग ती आधी सुधारावी, असे नाही. जी कडी कमजोर ती आधी सुधारावी.

स्वतंत्र मोटरीचा फायदाही याच गणितात आहे. छताखालच्या शाफ्टचे एक बेअरिंग गेले की सगळे माग एकदम बंद पडत. स्वतंत्र मोटरींत बिघाड कदाचित तितकेच होतील, परंतु एका वेळी एकच माग थांबेल आणि बाकीच्यांवर सौद्याचे काम चालू राहील.

याचा अर्थ सगळेच अतिशय मजबूत करावे, असाही नाही. धोटा ताण्यात अडकला की माग धाडकन थांबतो आणि मोटर मात्र फिरत राहू पाहते. त्या क्षणी पट्टा थोडा घसरला तर तो गिअरचे दाते आणि शाफ्ट वाचवतो. तेव्हा आखणी अशी असावी की झटका आला तर सर्वांत स्वस्त आणि लवकर बदलता येणाऱ्या वस्तूने माघार घ्यावी, महाग वस्तूने नव्हे. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणणारा मनुष्य हा बचाव काढून टाकतो.

वहीशिवाय भरवसा नाही

वर धरलेले ९८ आणि ८५ हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या कारखान्याचे खरे आकडे फक्त तुमच्याच वहीत मिळतील. एक साधी वही करा : तारीख, मागाचा नंबर, काय बिघडले, किती वाजता थांबला, किती वाजता सुरू झाला. महिन्याअखेरीस हिशोब करा.

समजा २४ माग २६ दिवस रोज २० तास चालले. एकूण १२,४८० माग-तास झाले. त्यात या व्यवस्थेमुळे ४८ वेळा माग थांबले. भागले की २६० येतात, म्हणजे सरासरी २६० तासांनी एक बिघाड. आता दुरुस्तीला किती वेळ लागतो ते पाहा. पट्टा घरात असेल आणि दोन तासांत काम झाले तर माग ९९.२ टक्के वेळ तयार राहतो. पट्टा बाजारातून आणायचा, दुकान बंद, जॉबर दुसऱ्या गाळ्यात, असे करून सहा तास लागले तर तो ९७.७ टक्क्यांवर येतो. हा दीड टक्का किरकोळ वाटेल. परंतु ४८ वेळा चार-चार तास म्हणजे १९२ तास झाले. इंचाला ५२ पिकांचे कापड तासाला साडेतीन मीटर धरले तर महिन्याला ६७२ मीटर कापड हातचे गेले. मोजके पट्टे आणि बेअरिंगे कपाटात नसल्याची ही किंमत.

वहीतून आणखी एक गोष्ट कळते. एकाच मागाचा पट्टा वारंवार जात असेल तर दोष त्या मागाच्या पुलीत किंवा मांडणीत आहे. सगळ्या मागांचे पट्टे ठरावीक महिन्यांनी जात असतील तर ती झीज आहे, मग तुटण्याची वाट न पाहता सुटीच्या दिवशी एकदम बदलावेत.

कारागीर बंधूंसाठी काही नियम

१. पट्ट्याचा ताण तपासताना दोन पुल्यांच्या मध्यभागी बोटाने दाबून पाहावे. तक्त्यात सांगितलेल्या दाबाला दर इंच अंतरामागे इंचाचा ६४ वा भाग एवढाच पट्टा दबावा. २४ इंची मोकळ्या पट्ट्याला हे सुमारे तीन अष्टमांश इंच होते.

२. नवीन पट्टा एक-दोन दिवस चालल्यावर थोडा सैल होतो. तेव्हा ताण पुन्हा एकदा तपासावा.

३. एका पुलीवर दोन पट्टे असतील तर एक तुटला तरी दोन्ही बदलावेत. जुना लांबलेला असतो, मग सगळा बोजा नव्यावर पडतो.

४. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे पाहण्यासाठी सुताची दोरी ताणून दोन्ही पुल्यांच्या बाजूला लावावी. पुल्यांचे काठ सारख्या जाडीचे असतील तर दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे.

५. पट्टा पेचकसाने उचकटून चढवू नये. आतले दोरे तुटतात आणि वरून दिसत नाहीत. मोटर पुढे सरकवून चढवावा.

६. पट्ट्याला तेल लागू देऊ नये. मोटरीवरची सुताची धूळ रोज झाडावी, म्हणजे मोटर तापणार नाही.

७. पट्ट्यावर जाळी हवीच. फिरत्या भागांना आडोसा घालण्याचे बंधन १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच, कलम २१ मध्ये, घातलेले होते. आपला गाळा लहान आहे, आपल्याला कोण विचारतो, असे मालकांनी म्हणू नये. ओढणी, लुंगीचे टोक किंवा कुर्त्याची बाही पट्ट्यात जायला क्षण पुरतो. गेलेला हात कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आज आपल्या शहरांत रॅपियर आणि एअरजेट माग येत आहेत. त्यांची गती जास्त, किंमत जास्त, म्हणून एक तास बंद राहण्याचे नुकसानही जास्त. यंत्र बदलले तरी साखळीचे गणित बदलत नाही.

त्या वर्षी आमच्या वालिदांनी सोळाही मोटरींच्या पुल्या बदलल्या आणि उस्तादांच्या हातात एक वही दिली. उस्तादांना लिहिणे फारसे जमत नव्हते, म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे. पुढच्या पावसाळ्यात पट्टे घसरले नाहीत. धंद्यात पार्टी आपला भाव जेवढा पाहते, तेवढीच आपली मुदतही पाहते. मुदत पाळायची तर जुबान पक्की हवी, आणि जुबान पक्की ठेवायची तर ज्या पट्ट्यावर माग चालतो त्याचीही खबर ठेवली पाहिजे.